तुझ्या कुंपणामागची पट्टी

प्रिय ताई,

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर तुझं पत्र आलं, आणि त्यात एकच गोष्ट चारदा लिहिलेली: मीच त्यांना बाहेर पाठवलं. कोंबड्या ओरडल्या, तू म्हणालीस बघा जरा, आणि भाऊजी गेले. ताई, हे डोक्यातून काढ. माणूस आपल्या अंगणात जाणारच.

कोल्हा भरदुपारी आला, हाकललं तरी हलेना, म्हणून तुला तो माणसाळलेला वाटला. आमच्या कामात पिसाळल्याची हीच पहिली खूण. रेबीजचा विषाणू चाव्यातून नसेनसेने मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे लागतात, तोवर कोल्हा धडधाकट दिसतो. मग विषाणू लाळेत उतरतो, कोल्ह्याची भीती जाते आणि समोर येईल त्याला तो चावत सुटतो. थंडीच्या तोंडावर तरुण कोल्हे नवी जागा शोधत डोंगर ओलांडतात, तिथल्यांशी भांडतात, की रोग पुढच्या खोऱ्यात. तो हाताला चावला, तरी भाऊजींनी तुला हात तारेने खरचटला म्हणून सांगितलं. इंजेक्शनच्या नावाने घाम फुटणारा माणूस तो, सगळी दुखणी लपवायचा आणि आपण हसायचो. लगेच टोचून घेतलं असतं तर वाचले असते. तुला कसं कळणार होतं?

माझं काम तुला ठाऊक आहे. माशाच्या वासाच्या वड्या, आत लशीची पिशवी. रानात पट्ट्यापट्ट्यांनी टाकायच्या. कोल्ह्याने वडी चावली की लस तोंडात फुटते. दहातल्या सातांनी खाल्ली तरी रोग तिथेच अडतो. हंगामात बायको मला घरात घेत नाही, गल्लीतली मांजरं तेवढी जीव टाकतात.

मागच्या हंगामात तुझ्या कुंपणामागची पट्टी माझ्याकडे होती. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून आपण नको ते बोललो होतो. तुझ्या दारावरून जायचं जिवावर आलं. भाऊजी हाक मारतील आणि आत यावं लागेल, ही भीती. वड्या पलीकडच्या उतारावरच संपवल्या आणि पट्टी पूर्ण म्हणून सही केली. काल साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, एका पट्टीने रोग येतोच असं नाही. पण यंदा आजारी कोल्हे सापडले ते फक्त तुझ्या बाजूला. तू लिहिलंयस, झालं गेलं विसर आणि ये. हे वाचूनही बोलावलंस, तर येईन.

तुझाच,
धाकटा