दोन हातांचं अंतर

६ सप्टेंबर, शनिवार

या घरात माझ्या हातांनी केलेल्या वस्तू एकदा लिहून ठेवतो. ओकचं जेवणाचं टेबल. देव्हारा. पोळपाट. स्वयंपाकघरातलं कपाट, ज्याला इथे सगळे 'प्रेस' म्हणतात. रेवाचा पलंग, त्यात एकही खिळा नाही. हे सगळं पुस्तकं वाचून आणि भरपूर लाकूड वाया घालवून शिकलो. माझा हात कुणी धरला नाही आणि मीही कुणाचे पाय धरले नाहीत.

आजपासून मी मास्तर. कासलबारच्या चिनी कुटुंबांनी मुलांसाठी शनिवारची प्राथमिक शाळा काढली आहे. गावाबाहेरची एक जुनी दगडी शाळा रिकामीच होती, ती भाड्याने घेतली आहे. सकाळी चिनी भाषा आणि गणित, दुपारी माझं सुतारकाम. माझी बायको वीणा हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघता निघता म्हणाली, आयर्लंडमधल्या चिनी शाळेत पुण्याचा मास्तर, म्हणजे तू दोन्हीकडून फॉरेनर. रेवाला शनिवारी सांभाळायला कुणी नसतं, म्हणून तिलाही बरोबर नेलं. दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच, तेही थेट इथल्या मेयो जिल्ह्याच्या हेलात. शाळा कशी वाटली विचारलं तर म्हणाली, 'इट्स ग्रँड, बाबा.'

मुलं गोड आहेत. लाओशी म्हणजे शिक्षक. पोंक्षे काही त्यांना जमत नाही, म्हणून मी 'पोंग लाओशी'. मुख्याध्यापिका फांग मॅडम शिस्तीच्या बाई. त्यांचा एकच नियम: मुलांपासून दोन हात लांब उभं राहून शिकवायचं, मुलांचा हात धरायचा नाही. या देशात मुलांच्या बाबतीत असले कायदे कडक असतात हे मला माहीत आहे. मान डोलावली.

१३ सप्टेंबर

लांबून शिकवणं म्हणजे शुद्ध थट्टा. जिया नावाची दोन वेण्यांची मुलगी करवत चालवताना रडकुंडीला आली. पातं रेघ सोडून कुठेतरी भलतीकडे. आपल्याकडे पहिला 'श्री' सुद्धा हात धरून गिरवून घेतात, करवत तर पुढचीच गोष्ट. तिची आई दारातच उभी होती. तिला विचारलं, ती हो म्हणाली. म्हणजे कायद्याचा प्रश्न मिटला. जियाचा हात हातात घेतला आणि चार ओढी मारून घेतल्या. पाचवी तिने एकटीने मारली. सरळ! मग सगळेच हात पुढे करू लागले. सगळ्यांचे धरले.

मला कुणी असं शिकवलं असतं तर किती लाकूड वाचलं असतं.

२० सप्टेंबर

घरी वीणासाठी फळी कापायला घेतली. करवत वाकडी गेली. तिचे दात कानशीने घासून धार केली. पुन्हा वाकडी. दुसरी करवत आणली. तीही.

दुपारी वर्गात एक गोष्ट पाहिली. कापण्याआधी मी करंगळीने लाकडावर एकदा टक करतो. जुनी खोड, कुणाला कधी सांगितलेली नाही. आज सगळ्या वर्गाने टक केलं. एकाच वेळी. आणि मग सरळ कापलं.

आज रंधा शिकवला. हात धरूनच.

२७ सप्टेंबर

रंधा गेला. म्हणजे आहे हातातच, पण हाताला तो कळत नाही. लहान मुलाने चमचा उलटा धरावा तसा धरला जातो. वीणाने माझ्या मेंदूचा स्कॅन करून घेतला. मेंदू अगदी छान आहे म्हणाली, माझ्यापेक्षाही बरा. स्ट्रेस आहे, म्हणाली. स्ट्रेस करवतीला येतो का?

४ ऑक्टोबर

फांग मॅडमना जाब विचारला. त्यांनी दार लावून घेतलं. मग सगळं सांगितलं. त्यांच्याकडे शेनयांगहून आलेले सुलेखनाचे एक गुरुजी होते. याच खोलीत मुलांचे हात धरून कुंचला शिकवायचे. आता त्यांना चॉपस्टिक्ससुद्धा धरता येत नाहीत, मुलगा भरवतो. या जागेचं काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. दुसरी जागा परवडत नाही, म्हणून हा नियम. खरं कारण सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, म्हणाल्या.

हसलो असतो. खरं आहे.

मग म्हणाल्या, पुढच्या शनिवारपासून येऊ नका, घरी बसा, पैसे आम्ही देतो. रक्कमही सांगितली. ती इथे लिहिणारसुद्धा नाही. न केलेल्या कामाचे पैसे मी आयुष्यात घेतले नाहीत. शिवाय गेलेलं परत आणता येईल. मुलांनी माझा हात धरून मला शिकवायचं, बस.

११ ऑक्टोबर

जियाने माझा हात धरला. करंगळीने टक केलं.

परत काही आलं नाही. आणखी गेलं. शर्टाची बटणं. बुटांची नाडी. घास.

घरी रेवाचा पलंग पाहिला. सांधा कसा बसवला असेल कळत नाही. कुणी केला असेल?

१२ ऑक्टोबर

रेवाला हात लावायचा नाही. काही झालं तरी. रस्ता ओलांडताना नाही, झोपवताना नाही. हे आता शाळेत राहिलेलं नाही, माझ्या हातात आलं आहे. वीणाला सांगितलं. ती रडली. उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे.

१४ ऑक्टोबर

बटण लागेना. उभा होतो. रेवा मागून आली आणि माझे दोन्ही हात धरले —

म्हणाली, 'थांबा बाबा, मी लावते.' मराठीत. स्वच्छ, माझ्यासारखं.

ओढून घेतले. उशीर.

१५ ऑक्टोबर

टेबलावर कागद. मराठीत लिहिलेला. लेकीला ही अक्षरं येत नाहीत, कुणी शिकवली नाहीत. वळण माझं.

तिचं नाव लिहायला गेलो. — नाही आलं. पुन्हा — नाही.

१८ ऑक्टोबर

पेन पडतं. वीणा ड्यूटीवर. मुलगी शेजारी बसली आहे. नको म्हटलं. हसते. म्हणते, तुम्ही लिहा बाबा, मी धरते. हात धरलाय. सोडत नाही. लहान हात, पण सोडवता येत नाही.

एक एक शब्द जातोय. लवकर —

वीणा, हिला तिथे पाठवू नकोस. हिचा हात कुणाला धरू —

टक केलं तिने. करंगळीने.

त्या बाईंनी पैसे देऊ केले होते. घरी बसायचे. वर्षभराचे. मी नाही म्हणालो. सहा हजार चारशे यु