टायरमधली हवा

टिल्ल्या,

तुझ्या सायकलच्या फिल्मचं एडिटिंग आज माझ्या हातून संपलं. फिल्ममध्ये तू कड्यावरून झेप घेतोस आणि मागे न बघता निघून जातोस. लोक म्हणतील, याला भीती ठाऊकच नाही. आई नेहमीसारखी स्वयंपाकघरात निघून जाईल आणि तिथूनच विचारेल, "उतरला का गं नीट?"

पण मी सगळं फुटेज पाहिलंय. तू सहा वेळा कड्यापर्यंत येतोस आणि सहाही वेळा ब्रेक दाबतोस. दर वेळी खाली उतरून टायर चाचपतोस आणि कॅमेरामनला सांगतोस, "हवा कमी वाटतेय, दादा." लहानपणी इंजेक्शनची वेळ आली की तुझ्या बुटाची नाडी सुटायची, अगदी तसंच. शेवटी सायकल खांद्यावर टाकून तू पायवाटेने खाली आलास. फिल्ममधली उडी शेजारच्या कमरेएवढ्या बांधावरची आहे. कॅमेरा जमिनीला टेकवला म्हणून तो कड्याएवढा उंच दिसतो.

ते सहाही तुकडे मी कापून टाकले आणि खुर्चीत मागे रेलून एकटीच हसत बसले. तू या उड्या सुरू केल्यापासून, गेली पाच वर्षं, तुझा फोन आला की मी आधी खाली बसायचे आणि मगच उचलायचे. आता उभ्यानेच उचलेन.

हे पत्र मी पाठवणार नाही. ताईला कळलंय हे तुला कळलं, तर पुढच्या वेळी लाजेपायी तू ब्रेक दाबणार नाहीस. तुला टायरमधली हवा कायम कमीच वाटो.

तुझी,
ताई