सख्ख्या बहिणींचे दोन संत

श्री. व्लास्तिमिरदादा यांस,
झिवानाचा नमस्कार.

तुमचा गुडघा वाकतोय आणि द्राक्षांना कीड लागलेली नाही, असं धरून चालते. (फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा धरूनच चालावं लागतं.) इकडे मात्र तुमची बहीण राडोय्का इस्पितळात आहे. स्तनात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन.

इतके दिवस काय करत होतात, असं डॉक्टरांनी विचारलं. काय सांगणार? बायकांच्या डॉक्टरकडे जाणं तिने केव्हाच सोडलं होतं. तिथे आधी नवरा कुठे विचारायचे, मग मुलं किती, आणि दोन्ही नाहीत म्हटलं की तपासणी बाजूला राहून लग्नावर व्याख्यान सुरू. आमच्या घरी येऊन ती त्या डॉक्टरची नक्कल करायची आणि मी पोट धरून हसायचे. आता त्या हसण्याची लाज वाटते.

असो. वॉर्डात फक्त नातेवाइकांना सोडतात, म्हणून मी ठोकून दिलं, सख्खी बहीण. मुख्य नर्स नेवेंकाबाई, त्यांच्यापुढे रीतीप्रमाणे कॉफीचं पाकीट ठेवलं. त्यांनी ते खणात सरकवलं आणि मला आत. मी सूप भरवलं, केस विंचरले, खिडकी उघडली म्हणून अख्ख्या वॉर्डाच्या शिव्या खाल्ल्या. (वाऱ्याच्या झोताने माणूस मरतो, यावर तिथे डॉक्टरांसकट सर्वांचं एकमत आहे.) सगळं सुरळीत चाललं होतं. मग नेवेंकाबाईंनी सहज विचारलं, तुमच्या घरचा संत कोणता, वर्षाचा सण कुणाच्या नावाने करता? मी ऐटीत म्हणाले, संत निकोला, आणि माझ्या सणाच्या माशाचं वर्णन सुरू केलं. त्याच वेळी मागे तुमची बहीण शेजारच्या खाटेला सांगत होती, आमच्या घरी संत जोर्जे, दादा अख्खं कोकरू भाजतो.

नेवेंकाबाईंनी चष्मा काढला. "बाई, संत बापाकडून येतो. लग्न झालं तरच बाईचा बदलतो. तुम्ही दोघी बिनलग्नाच्या, बाप एक, मग संत दोन कसे?"

मग त्या हळूच म्हणाल्या, "मला कळलंय हो. पण मोठ्या डॉक्टरांना कळलं तर माझी नोकरी जाईल. भावजय तरी म्हणायचं होतंत." आणि कॉफीचं पाकीट परत दिलं. ते परत आलं म्हणजे सगळंच संपलं. मी जिन्यात बसून रडले.

आता मी अंगणात सुपाचं पातेलं घेऊन उभी असते. ती खिडकीशी येते, पण फार वेळ उभं राहवत नाही तिला. ती घाबरली आहे, दादा. मीही.

तुमची (कोण, ते तुम्ही ठरवा),
झिवाना

ता. क. पत्र खुशालीसाठीच लिहिलं आहे. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा : चालणार नाही. रविवारी या. तुम्ही विधुर आहात, दाराशी एवढंच म्हणा, ही माझी नवी बायको. तुमच्या बहिणीची म्हणून मला कधी उंबरा ओलांडू दिला नाहीत, आता तुमची म्हणून तिच्या खाटेपर्यंत न्या. राग सोडून या असं म्हणत नाही. तोंड फिरवून, माझ्याशी एक शब्दही न बोलता चाला. नवरा-बायकोच आहोत, याबद्दल कुणाला शंका येणार नाही.