आधी मातीले

माय, तुले वाचता येत नव्हतं आन् मले चौथीपुरतंच लिहिता येते, तरी कागद काळा करून राह्यली. जे जित्या माणसाले सांगता येत नाई, ते मेलेल्यालेच सांगावं लागते.

मागच्या रविवारी नात आली. कोणत्या जेवणासंगं कोणती वाइन द्यायची, हे ती पुण्याच्या मोठ्या हॉटेलात शिकून राह्यली. तिनं फ्रान्सची लाल वाइन आणली, तीन जातीच्या द्राक्षांची मिळवणी केलेली. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून सुनेनं कडी लावली, पडदे ओढले, टीव्हीचा आवाज वाढवला. एका बाटलीपायी सारं घर कोंडून घेतलं. तू हिंगणीच्या जंगलात उघड्या आभाळाखाली मोहाची दारू गाळत होती, ते आठवून मले हसू आलं. नात म्हणे, "आजी, लगेच गिळू नको. आधी वास घे, मग तोंडात फिरव." मी म्हटलं, "वास घ्यायले एवढं शिकली का वं?"

हे तं मी सात वर्षांची असतानाच शिकली. तू भट्टीवरून वाटीत थेंब धरते, म्हणते, "जीभ लाव, धूर लागला का सांग." एक दिवस मी सरळ वाटी तोंडाले लावते आन् तुह्या हाताचा धपाटा पाठीत बसतो. "आधी मातीले, मंग आपल्याले! आपले मेलेले काय वाट पाहत बसतीन?" तो धपाटा अजून पाठीत हाये. रविवारी पेला हातात आला आन् माहा हात आपोआप वाकला. पांढऱ्या फरशीवर चार लाल थेंब पडले.

"अहो आई, हे काय?" सून ओरडली. काय सांगू तिले? या घरात मले मायबापच नाईत. कापडदुकानवाल्यांच्या घरात दारू गाळणारीची पोर चालली नसती, म्हणून तुह्या जावयानं लग्नात सांगितलं, पोरगी अनाथ हाये. मीबी मान डोलावली. तू तेव्हा जिती होती.

"हात थरथरला," मी म्हटलं.

मंग घोट घेतला. कच्च्या जांभळासारखी जीभ ओढली, मागून जुन्या लाकडाचा वास. सुनेनं मटणाचा लालभडक रस्सा केलता. त्याच्यावर वाइन पेली तं नुसती आग आन् कडू. मी म्हटलं, "रस्सा बाजूले ठेव. चरबीचा नुसता तुकडा घे. नाई तं भाकरीसंगं जवसाची चटणी, वरून तेल." तुह्याच भट्टीवरची रीत, तिखट नाई, तेलकट. नातीनं खाल्लं, घोट घेतला, डोळे एवढाले केले. "आजी, आमच्या सरांनाही सुचलं नसतं! तुला कोणी शिकवलं?"

तुहं नाव पार दातापाशी आलतं. "म्हातारी झाली की तुलेबी कळीन," म्हटलं आन् भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी सुनेनं मले गॅसपासून हटवलं. "हात थरथरतो ना आई, भाजलं म्हणजे?" विळी माळ्यावर गेली. एकटीनं जिना उतरायची बंदी. दाराले वरून कडी लावतात, तिथवर माहा हात पोचत नाई. बाई वाईट नाई, तेच तं वाईट हाये. भांडता येत नाई. इतकी वर्षं भाकरी थापलेले हात मांडीवर ठेवून मी दिवसभर समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजते. खरं सांगितलं तं चूल आजच वापस भेटते. पण मंग तू या घरात येते, आन् जितेपणी तुले मारून टाकलं, हे बी तुह्या मागून येते.

आज सकाळी पोरानं या थरथरीपायी सेवाग्रामले दवाखान्यात नेलं. हा कागद पिठाच्या डब्यात लपवला असता, पण तिथं आता जाता येत नाई, म्हणून उशीच्या खोळीत टाकीन. डॉक्टरीण नातीएवढीच. "आजी, दोन्ही हात पुढे करा." केले. तुह्याच हातासारखे, बोट हालत नव्हतं. "हात तर छान स्थिर आहेत," ती म्हणाली. पोरानं माह्याकडं पाह्यलं. "मग त्या दिवशी काय झालतं आई?"

माय, मंग मी हात थरथरवला. मुद्दाम.