उलाळ

सोलापूर,
३ फेब्रुवारी १९७५

प्रिय कल्लप्पा,

तू वर्कशॉपला कुलूप लावून दुधनीला गेलास, त्याला पंधरा दिवस झाले. दारावर कुणीतरी कोळशाने तुझ्या नावाने घाणेरडं लिहिलंय. मी पाहिलं, पण पुसलं नाही. लोक बघत होते. तुझा मित्र किती शूर, ते तुला ठाऊकच आहे.

संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला त्या कापडपेढीच्या छपरावर तीस-चाळीस माणसं चढली आणि ते खाली आलं. शरणम्मा बांगड्यांची टोपली घेऊन नेमकी खालीच बसली होती. ती गेली, आणि गाव म्हणतं, कल्लप्पाचं वेल्डिंग कच्चं.

दारापर्यंत गाड्या याव्यात म्हणून मालकांना पुढे खांब नको होते. नऊ फूट पुढे आलेले लोखंडी गर्डर, त्यांची मागची टोकं नुसती भिंतीत. माझा नकाशा बघून तू म्हणालास, "अण्णा, गड्ड्याच्या जत्रेला लोक टोकावरच चढनार की. मागं भार झाल्यावर गाडी उलाळ हुती, जू वर जातं, तसं हुईल. मागची टोकं सळयांनी पायापातूर बांधू या." मी हसलो. छपराचं गणित बैलगाडीवरून करतात का, म्हणालो. पत्रे, वारा आणि दुरुस्तीला चढणारी दोन माणसं, एवढाच भार मी धरला होता. जत्रा धरलीच नाही. लहानपणी तुझ्याच खांद्यावर पाय देऊन मी असल्याच छपरावर चढायचो, तरीही! लाज वाटते रे.

काल जाऊन सगळं लोखंड तपासलं. तुझा एकही जोड सुटलेला नाही. मागची टोकं विटांसकट भिंतीतून उपसून आलीत.

उद्या चौकशीला बोलावलंय. जोड कच्चे होते, असा जबाब मालकांनी टाइप करून ठेवलाय. फक्त माझी सही हवी. नाही म्हणायचं ठरवलंय. पण मी मला ओळखतो. तिथे गेल्यावर नोकरी आठवेल, मुलींची लग्नं आठवतील. म्हणून जाण्याआधी हे पत्र रजिस्टरने टाकतोय. मी तिथे कच खाल्ली, तर हेच चौकशीच्या साहेबांपुढे ठेव. छपराचं गणित माझं चुकलं, कल्लप्पाचं काम पक्कं होतं. माझी गय करू नकोस.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
अण्णाराव