उजवा हात काढणे

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

कळव्याची खोली सोडून आज मानपाड्याला आले आणि लगेच कामावरही रुजू झाले! एकसष्टाव्या वर्षी नवी वही, नवा पत्ता. त्र्यंबकरावांचं फोटो रंगवायचं दुकान माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे. कॉम्प्रेसरची घरघर कानावर पडली आणि टेंभी नाक्यावरचा स्टुडिओ आठवला. तिथे एकवीस वर्षं एअरब्रशने फोटो साफ केले, मग कॉम्प्यूटर आला आणि आम्हाला कोणी विचारेना. आता लोकांना पुन्हा हाताने रंगवलेलं हवं आहे म्हणे. त्र्यंबकरावांनी एअरब्रश पुढे केला, म्हणाले, घ्या हेमाताई, ही तुमची गन, फक्त गिऱ्हाइकावर रोखू नका. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. बोटं काहीच विसरली नव्हती. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, देव पहाटेचं धुकं असंच रंगवत असेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नवी गन सारखी थुंकत होती, म्हणून खालच्या खणातली जुनी पितळी गन घेतली. काय नाजूक फवारा! आरशावर श्वास सोडावा तसा.

पहिलं काम एका कुटुंबाच्या फोटोचं. भगवान, त्याची बायको सरोज, पुढे मुलगी. भगवान इथल्याच कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर आहे. फोटोत त्याचा उजवा हात सरोजच्या खांद्यावर, पण ओल लागून तिथे नुसता तपकिरी डाग उरलाय. चिठ्ठीवर त्र्यंबकरावांचं अक्षर: ‘भगवान – उजवा हात काढणे.’ रंग बाहेर पसरू नये म्हणून मी फोटोवर चिकट फिल्म लावली, शर्टाच्या कफाच्या कडेने ब्लेड फिरवलं, हाताएवढा तुकडा सोलला आणि तिथे सरोजची हिरवी साडी भरली. तीन वाजता काम संपलं. हात कधी नव्हताच असं वाटावं, इतकं साफ.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सरोज आली होती. बुधवारी तीनच्या सुमारास भगवानचा उजवा हात मनगटापासून तुटला. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की बाई, प्रेस बंद होती हो, तो चहा पीत होता. कपासकट हात खाली पडला, बोटं कपाच्या कानात अडकलेली. कफाच्या कडेने, ब्लेडने कापावा तसा. रक्ताची चिळकांडी समोरच्या माणसाच्या डब्यात. आता प्रेसवर कोण ठेवणार, तिघांनी खायचं काय, विचारत होती.

ती गेल्यावर त्र्यंबकरावांनी फोटो पाहिला आणि ओरडलेच. अहो बाई, काढणे म्हणजे रंगवणे! शाळेत चित्र काढलं नाहीत का कधी? पुसायचं असतं तर ‘उडवणे’ लिहिलं असतं. मी म्हटलं, आमच्या शाळेत ड्रॉइंग ‘करायचे’, आणि टेंभी नाक्यावर आम्ही तीळ काढायचो, मुरमं काढायचो.

मग त्यांची नजर पितळी गनवर गेली आणि त्यांनी सांगून टाकलं. त्यांचे वडील ती फक्त गेलेल्या माणसांच्या फोटोंवर चालवायचे. जिवंत माणसावर कधीच नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

इस्पितळात जाऊन आले. भगवान हसायला बघत होता. म्हणाला, ताई, आता टाळी द्यायची तर अर्धीच. मग भिंतीकडे तोंड करून रडला.

ठरवलं. जे उडवलं ते त्याच गनने काढायचं. पण त्याचा हात ओलीने खाल्लेला, मी तो कधी पाहिलेला नाही. मला पाठ असलेला हात एकच, माझ्या नवऱ्याचा, गुरुदत्तचा. जाऊन नऊ वर्षं झाली. लांब बोटं, वाकडी करंगळी. संत्र्याची एकेक फोड शिरा काढून मला द्यायचा. त्याच हाताने एकदा माझा जबडा मोडला होता, पण नंतर आठवडाभर त्यानेच पेज भरवली. इतका सुंदर हात मी दुसरा पाहिला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत काढला.

सोमवार, १० फेब्रुवारी

हात आला! सरोज धावत आली, पायाच पडली. बँडेज सोडलं तर आत अख्खा, गरम हात. कारखान्यात पुन्हा घेणार आहेत. फक्त रंग जरा गोरा आहे, म्हणाली. आणि करंगळी वाकडी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सरोजचा ओठ फाटलाय. म्हणाली, संसाराच्या चौदा वर्षांत ह्या माणसाने आवाज चढवला नव्हता. तो मागे उभा, उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून. शपथ घेऊन सांगत होता, ताई, मी नाही मारलं, ह्याने मारलं.

हात माझ्याकडे वळला. बोटं हळूच उघडली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सरोजचा जबडा मोडला. डाव्या बाजूचा. कुठे ते मला माहीत आहे –

कामावरच्या एका माणसाचेही हाताने चार दात पाडले. भगवानने हात खाटेला बांधला तर त्याने दोरीसकट खाट ओढली. मी विचारलं, उडवू का? भगवान नको म्हणाला, कसाही असला तरी हात आहे, पोट आहे. सरोजला बोलता येत नाही. तिने पाटीवर लिहिलं. उडवा.

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळ

फोटो, गन, रंग वर आणले. त्र्यंबकराव गावाला पळाले. फिल्म – फिल्म संपली आहे. दुकानात तुकडासुद्धा नाही.

फिल्मशिवाय फवारा पसरणार. आणि हात सरोजच्या खांद्यावर आहे, मानेला लागून.

कागद कापून पाहिला. कागद उचलतो, खालून रंगाचं धुकं शिरतं. नाही.

अकरा

भगवान दाराबाहेर. ओरडतो आहे, ताई, उघडू नका, हा मला ओढत आणतोय. मनगट दातांनी फाडतो आहे. दाराखालून रक्त – शेजारचे कोणी बाहेर येत नाहीत –

मधून मधून हात कसा हळुवार टकटक करतो. संत्रं आणल्यासारखा.

खटक्यावर बोट आहे. मागे ओढलं की संपलं. पण सरोजची मान –

नाही. गन खाली ठेवली.

फळी फुटते आहे. मीच उघडते. भगवान, डोळे मिट रे बाबा, तू काही केलं नाहीस. मला ह्या हाताची सवय आहे. तो आधी केस धरतो, मग डाव्या गाला–