जुन्या लॅपटॉपमधला यांचा आवाज

९ जानेवारी २००६
हे नागपूरला ऑटोच्या भोंग्यासाठी नवा ॲम्प्लिफायर आणायला गेले, आले ते लॅपटॉप घेऊन. तोही कुणाचा तरी वापरलेला. मी बघतच राहिले. बॅटरी मेलेली, वायर निघाली की बंद. पडद्यावर उभी हिरवी रेघ. विचारलं, ऑटोतून गावोगाव पुकारा करणाऱ्या माणसाला हे कशाला? "दिवाळीपासून घसा बसला आहे. एकदा बोलाचं, मंग दिवसभर डब्बाच बोलते." ऐकताना भाजी लागली. यांच्या डोक्यात कधी काय येईल, नेम नाही.

१५ जानेवारी
बचत गटाच्या संगणक वर्गात शिकले ते कामी आलं, कबूल. एका वेळी एकच मिनिट रेकॉर्ड होतं, पण तुकड्याला तुकडा जोडता येतो. ब्लाऊजला बाही लावण्यासारखंच. इन्व्हर्टर टाकून ऑटोच्या बॅटरीवर चालवला. जाम गावच्या चौफुलीवर साड्यांचा सेल. भोंग्यातून यांचं घोगरं पण खणखणीत "आनंदाची बातमी, आनंदाची बातमी, सुती साड्या..." आणि हे पुढच्या सीटवर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत गप्प. एका म्हातारीने ऑटोत डोकं घातलं. "बाप्पा, तोंडात खर्रा, अन् आवाज कुठून येऊन राह्यला?" दुकानदार उठून बघायला आले. हे खूश.
घसा मात्र गप्प बसूनही सुटला नाही. उद्या-परवा डॉ.ला दाखवा म्हणते आहे, ऐकतील तर.

२ फेब्रुवारी
वर्धा. डॉ. म्हणाले, गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल बहुतेक. आवाज नाही.
थोडा तरी राहील का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.
परतताना यांनी खर्र्याची पुडी बसच्या खिडकीतून टाकली. बाकी काही लिहवत नाही.

६ फेब्रुवारी
ऑपरेशन २० ला. तोवर जमेल तेवढं बोलून ठेवायचं ठरलं. गावांची नावं झाली. वार झाले. सकाळी, दुपारी, "नळाला पाणी येणार नाही", "दुःखद निधन झाले". कोमट पाणी, दोन शब्द, थांबायचं, परत दोन शब्द. घोगरा का होईना, आवाज यांचाच आहे. एकदा मी सेव्ह करायच्या आत लाईट गेली आणि सोमवार ते रविवार सगळे पुन्हा म्हणावे लागले. मी स्वतःलाच शिव्या घातल्या.
रात्री जेवताना म्हणाले, "म्हाताऱ्यांची नावं बी आत्ताच बोलून ठेवतो." माझा घास हातातच. जिवंत माणसांची? "मंग काय, त्यायले दुसऱ्याच्या आवाजात पाठवाचं?"

११ फेब्रुवारी
गावात बातमी फुटली. वाटलं, लोक भांडायला येतील. आले ते आपापलं नाव द्यायला. वरच्या मोहल्ल्यातले किसनाजी धुतलेलं धोतर नेसून. "मायं नाव सावकाश म्हणजो. घाई नको करू." मग पुन्हा लावायला सांगितलं. स्वतःच्याच निधनाची बातमी डोळे मिटून ऐकली. "बेस झालं," म्हणाले आणि चहा प्यायले.

१९ फेब्रुवारी
बॅग भरली. अख्ख्या गावाची नावं डब्यात, माझं नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर यांनी माझं नाव घेतल्याचं आठवत नाही. "ऐकलं काय?" यावरच संसार झाला. आज लाज सोडून म्हटलं, माझंही म्हणून ठेवा. एकदम चिडले. "त्या यादीत तुयं नाव मी घालत नाई."
यादीत नको, नुसतंच म्हणा.
माईकसमोर बसले. तोंड उघडलं. मग उठून अंगणात गेले.
उद्या दवाखान्याच्या वाटेवर म्हणतील, असं वाटतंय.

२२ फेब्रुवारी
वाटेत नाव घेतलंच नाही. मीही विचारलं नाही.
गळ्याला भोक, त्यातून श्वास. आज नीट शुद्धीवर होते, मला बघून ओठ हलवले. काहीच आलं नाही. माहीत होतं, तरी दोघंही दचकलो.

१८ मार्च
घरी आणलं. पाटी आणि खडू दिला आहे. मला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवतात. मला त्या आवाजाचा राग येतो. मग त्या रागाची लाज वाटते.

२७ मार्च
किसनाजी गेले. मुलगा दारात. "बाबानं सांगून ठेवलं होतं, यायच्याच आवाजात."
मी घाईघाईने तुकडे जोडले. हे ऑटो घेऊन गेले. मी अंगणात उभी राहून ऐकत होते. किसनाजींचं नाव, सावकाश, जसं हवं तसं. आणि मागोमाग "सकाळी ठीक दहा वाजता", हसऱ्या सुरात, साड्यांच्या सेलमधलं. मी चपला न घालता त्यांच्या घरी धावले. मुलगा म्हणाला, "राहू द्या काकू. बाबा हसले असते."
येताना पाहिलं, बायामाणसं दारात उभी. आवाज गेलेल्या माणसाचा आवाज ऐकून कुणी जागचं हललं नव्हतं.

९ एप्रिल
भारनियमन. चक्कीवर दळण घेऊन लाईटची वाट बघत बसले होते. सगळं शांत. आणि भोंग्यातून:
"सु... नंदा."
थोडं थांबून परत. "सु... नंदा."
डबा हातातून सुटला, गहू सांडले. चक्कीवरच्या बायका माझ्याकडे, मी रस्त्याकडे. तशीच पळत घरी. हे ऑटोत, मांडीवर लॅपटॉप. सुती साड्यांमधला "सु" आणि आनंदाच्या बातमीतला "नंदा". माझ्या खांद्यावरून बघून कधी शिकले, कोण जाणे.
"भोंग्यावरून काऊन? सारं गाव ऐकून राह्यलं."
यांनी पाटीवर लिहिलं: चक्की दूर आहे.
मी रडले. हसले. मग त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं: आता तू माझं नाव घे. आणि माईक माझ्याकडे सरकवला.
उखाणा सोडला तर माझ्या तोंडात ते नाव कधी आलेलं नाही. या वहीतसुद्धा "हे"च आहेत. परवा वर्ध्याला तपासणी, गाठ परत आली का ते कळेल.
हे ओट्यावर बसलेत, घाई नसल्यासारखे. मी आत दोनदा रेकॉर्डचं बटण दाबलं. दोन्ही मिनिटं पूर्ण झाली, दोन्हींत नुसता माझा श्वास. पुसली नाहीत. माईक अजून टेबलावरच आहे.